ओसरीवरचा डबा

अर्धापूरच्या रस्त्यावर एक पाझर तलाव आहे. तिथं पोचलो, चादरीत गुंडाळलेली लाकडी बोट काढून पाण्यात सोडली, आणि आमच्या घरमालकांनी खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं टेलिफोन, चिमटा घरी राहिला."

"राहू द्या की मास्तर. इथं दुसरं कोण आहे?"

खरंच कोणी नव्हतं. दोन म्हशी होत्या आणि त्यांना धुणारा एक माणूस होता. त्या तिघांचा रेडिओशी काही संबंध नव्हता.

"कोन हाय न्हाई ते इचारलं का मी? चिमटा न्हाई म्हनलं."

बोट परत चादरीत गेली. आम्ही स्कूटरवरून नांदेडला परत आलो. कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, लाल ऑइलपेंट लावलेला, तो त्यांनी खिळ्यावरून काढून शर्टाच्या खिशाला लावला आणि आम्ही पुन्हा तळ्याकडं निघालो. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. मी मागं बसून मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "शिव्या मोठ्यानं दे. मनात ठेवलं की पित्त होतं."

हा किस्सा मी ऑफिसात कितीदा तरी रंगवून सांगितला असेल. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचो. आता सांगवत नाही.

मी टेलिफोन खात्यातला तंत्रज्ञ. बायको आणि मुलांच्या शाळा लातूरला, मी एकटा नांदेडला, त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत भाडेकरू. ते आयटीआयमधून रिटायर झालेले, रेडिओ मेकॅनिकचे मास्तर. ते रिटायर झाले आणि पाठोपाठ तो ट्रेडच बंद पडला. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मीही मास्तर म्हणायला लागलो. मूळचे उदगीरकडचे, लिंगायत, घरात कानडी. बोलणं मराठीत, भांडण मराठीत, पण मोजायची वेळ आली की ओंदु, एरडु, मूरु. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा कानडीत मोजत चढायचे. "मोजनी आईच्या भाषेत करावी, चुकत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. आणि चुकायची नाही, हे मी बघितलेलं आहे.

मला पहिल्याच दिवशी त्यांनी "टेलिफोन" हे नाव देऊन टाकलं. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "अहो, भाडेकरूला असं म्हनतात का?"

"मग काय मोबाइल म्हनू?"

त्यांचा नाद असा होता की सांगितला तर माणूस आधी तुमच्याकडंच संशयानं बघतो. हातभर लांबीची लाकडी बोट तळ्यात सोडायची आणि काठावर उभं राहून रेडिओनं ती फिरवायची. त्यासाठी फार पूर्वी परदेशात जे डबे बनायचे, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे, ते हे गोळा करायचे. कुणाच्या काकानं जहाजावरच्या नोकरीत असताना आणलेले, कुणी हैद्राबादच्या जुन्या बाजारात टाकून दिलेले. अशी पंधरा-वीस तरी जोडपी त्यांच्याकडं होती. जोडपी म्हणजे दोन डबे: काठावर राहतो तो "बोलणारा" आणि बोटीत बसतो तो "ऐकणारा". इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण वापरायचे नाहीत. आणि कुणी "रिमोट" म्हटलं तर त्या माणसाला चहा मिळायचा नाही. "रिमोट टीव्हीला असतो. ह्ये बोलनं हाय."

हे बोलणं कसं, तेही सांगतो, कारण त्याच्यावरच माझं सगळं अडलंय. बोलणाऱ्या डब्याला एकच बटण. ते दाबलं की तिकडं बोटीत "टक्" होतं, पिळून ठेवलेलं रबर थोडं सुटतं आणि सुकाणू वळतं. बटण सोडलं की सुकाणू सरळ. पहिल्यांदा दाबलं की बोट उजवीकडं वळणार, पुढच्या वेळी दाबलं की डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. म्हणजे चालवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं की मागचं वळण कोणतं होतं. मास्तर मोजायचे. सकाळभर बोट फिरली तरी त्यांच्या ओठांवर मोजणी चालू असायची, आणि विषम आकडा आला की उजवं, सम आला की डावं. मला वीसच्या पुढं कधी जमलं नाही.

"बोटीला डावं-उजवं कळत न्हाई," ते म्हणायचे. "तिला फक्त पुढचं कळतं. मागचं आपन ध्यानात ठेवायचं."

आणि चिमटा कशाला? तर ह्या जुन्या ऐकणाऱ्या डब्यांना माणसाचा आवाज ओळखता येत नाही. आजूबाजूला ज्या कुठल्या डब्याचं बटण दाबलं जाईल, त्याचं ते ऐकतात. तेव्हा एका तळ्यावर एका वेळी एकानंच बोलायचं. चिमटा ज्याच्या खिशाला, बटण त्याचं. परदेशात म्हणे क्लबात वीस-वीस माणसं असायची, त्यांना हा नियम लागायचा. अख्ख्या मराठवाड्यात आम्ही दोघं. तरी भिंतीवर हिरवी पाटी, पाटीला खिळा, खिळ्याला चिमटा, आणि खाली त्यांच्या अक्षरात: चिमटा ज्याच्याकडं, बोलणं त्याचं. माझ्याआधी आणखी एक होता, त्यांच्याच आयटीआयमधला दुसरा मास्तर. त्यानं एकदा विचारल्याशिवाय बटण दाबलं. बोटीला काही झालं नाही, पण त्याला पुन्हा घरात पाऊल ठेवू दिलं नाही. काकूंनी हे मला हळू आवाजात, भांडी विसळता विसळता सांगितलं होतं.

डबा मिळाला म्हणून घरात आला, असंही नव्हतं. आधी तो ओसरीवर. जिन्याला लागून पत्र्याखाली एक फळी होती, तिथं नवा आलेला डबा बसायचा. धूळ पुसायची नाही. "धुळीवर बोटं उमटलेली असतात, आधी ती वाचायची." मग स्क्रू काढायचे, आतली एकेक तार बघून आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं काढायची, महिना लागो की वर्ष लागो. सगळं समजलं, की त्या डब्याला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि आतल्या खोलीत न्यायचं. जे समजलं नाही ते उंबऱ्याच्या आत नाही. काकू म्हणायच्या, "देवाला मी विभूती शोधते तर डबी रिकामी. समदी ह्या लोखंडाला."

बंद पडलेल्या सेटला ते कधी खराब म्हणायचे नाहीत. "खराब काय नसतं. गप झालेलं असतं. का गप झालं ते इचारायचं," असं म्हणून सेट कानाला लावायचे, हलवायचे, वासही घ्यायचे. मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. पण खरं सांगतो, टेलिफोन खात्यात मी पंचवीस वर्षं काढली आणि एवढ्या मायेनं यंत्राकडं बघणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

सगळ्यांत लाडका एक करडा डबा होता, ऐकणारा. नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी परदेशात शिकायला गेले असताना आणलेला आणि कधीच न वापरलेला. त्याच्या आतल्या एकाही सोल्डरिंगला पुन्हा कुणाचा हात लागला नव्हता. मास्तरांची अशी समजूत होती की हे काम कारखान्यात बायका करायच्या, त्याशिवाय इतका बारीक डाख बसत नाही. "त्या बाईच्या हातचं हाय ते. ज्याला हात लागला न्हाई त्याला आपन हात लावायचा न्हाई." मला भिंगातून ते डाख दाखवायचे, लग्नातल्या मुलीचे दागिने दाखवावेत तसे. तोच डबा ते रविवारच्या बोटीत घालायचे. त्याला पाणी लागू नये म्हणून फुग्यात घालून तोंड बांधायचे. जपून ठेवायचा आणि वापरायचा नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

आता मुखेडचं. मुखेडच्या आठवडी बाजारात आम्ही एकदा सहज गेलो होतो. तिथं एक गूळवाला गुळावरच्या माश्या हाकलत होता, आणि हातात काय, तर एकात एक सरकणारी लांबलचक एरियल. मास्तर तिथंच बसले. "ह्याचा डबा कुठं हाय?" गूळवाल्याला वाटलं, ह्यांना गुळाचा डबा पाहिजे. शेवटी उमगलं तेव्हा म्हणाला, "त्यो व्हय? त्याच्यात घरी मीठ ठिवलंय." एरियल त्याच्याकडून मागून घेतली आणि आम्ही एसटीनं त्याच्या गावाला गेलो. बाईनं मीठ परातीत ओतून डबा रिकामा करून दिला, आणि मास्तरांनी तिला बदल्यात नवा कोरा स्टीलचा डबा नेऊन दिला, झाकणावर तिचं नाव कोरून. असं त्यांचं वागणं.

पण तो मुखेडचा डबा त्यांना काही उलगडेना. बोलणारा होता, आतलं बरंचसं जागेवर होतं, पण मुख्य गुंडाळीची तारच नव्हती. नुसती पोकळ नळी. तिच्यावर तारेचे किती वेढे होते हे कळल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. दोन वर्षं तो डबा ओसरीवर पडून राहिला. येता-जाता त्याच्याकडं बघून म्हणायचे, "ह्याचं काय समजून न्हाई राहिलं बघ."

मला समजलं. एका संध्याकाळी मी ती नळी सहज हातात घेतली, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तर मिठानं जिथं जिथं तार होती तिथं बारीक रेघा उठवल्या होत्या. अकरा रेघा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मास्तरांना जे दिसलं नाही ते मला दिसलं. तिथंच हाक मारली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण मला वाटलं, असं नको. पूर्ण करू, तळ्यावर नेऊ आणि त्यांच्या हातात देऊ. ऑफिसातली तार आणली, चोरून वेढे दिले, नऊ व्होल्टच्या सेलची माळ जोडली, आणि एका रविवारी तो डबा पिशवीत घालून, वर केळी टाकून, स्कूटरवर मागं बसलो.

मास्तरांनी बोट सोडली. चिमटा त्यांच्या खिशाला, मोजणी त्यांच्या ओठांवर. मी दहा पावलं मागं, बाभळीखाली. बोट तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली, सांडव्याच्या भिंतीकडं निघाली. तिथून उजवीकडं वळवून काठाकाठानं परत आणायची, हा त्यांचा नेहमीचा फेरा. मी पिशवीत हात घातला. डब्यावरचा बारका दिवा लागतो का एवढंच बघायचं होतं. एरियल ओढलेली नव्हती, डब्यात दडलेली होती. मी आयुष्यभर तारेवर काम केलेला माणूस. तार नाही तर आवाज नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. एरियलच बाहेर नाही तर जाणार काय आणि कुठून, असं मला वाटलं. नियम आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तो मला लागू नाही असं वाटलं.

बटण दाबलं. पिशवीत दिवा लागला. हरखून आणखी दोनदा दाबलं.

बोट जरा हेलकावली. मास्तरांनी मान तिरकी केली, मग शांतपणे बटण दाबलं, उजवीसाठी. बोट डावीकडं वळली आणि सरळ सांडव्याच्या दगडी भिंतीवर गेली. आवाज फार मोठा झाला नाही. म्हशीवाल्यानं गुडघाभर पाण्यात जाऊन ती उचलून आणली. पुढच्या टोकापासून निम्मी फाटली होती. फुगा मात्र शाबूत. आतला करडा डबा कोरडा ठणठणीत.

मास्तर त्या डब्याकडं बघत राहिले. "पानी लागलं न्हाई," म्हणाले. "मग का ऐकलं न्हाई ह्यानं?"

मी पिशवीचं तोंड आवळून धरलं होतं. केळी चेंगरली होती.

योगायोग असेल, असं मी दुपारपर्यंत स्वतःला सांगितलं. संध्याकाळी ते मठात गेले तेव्हा करडा डबा आतल्या खोलीत टेबलावर ठेवून, मी मुखेडचा डबा घेऊन अंगणात फाटकापाशी उभा राहिलो, एरियल तशीच आत दडलेली, आणि बटण दाबलं. आत "टक्" झालं. फाटकापर्यंत ऐकू आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मी सेल काढले आणि मुखेडचा डबा झाकण लावून होता तसा फळीवर ठेवून दिला.

त्या रात्री सांगणार होतो. मग सकाळी सांगू म्हटलं. सकाळी काकूंनी धपाटे पाठवले वर, तेव्हा सांगायची लाज वाटली. त्या दुसऱ्या मास्तरचं काय झालं ते मला ठाऊक होतं, आणि मला त्या घराचा लोभ होता, हे खरं कारण. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दोन गुन्हे होतात, केल्याचा आणि लपवल्याचा. मी माणूस वाईट नाही, पण त्या बाबतीत भित्रा निघालो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर करडा डबा उघडा, शेजारी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलेला, मास्तर त्याला इस्त्री म्हणायचे.

"ह्याच्यात दोष हाय, टेलिफोन. दिसत न्हाई, पन हाय. एकेक भाग काढून तपासावा लागंल."

"मास्तर, नका. त्याला हात लागलेला नाही, तुम्हीच म्हणता."

"म्हनतो. म्हनून तर तुला बोलावलं." त्यांनी इस्त्री माझ्याकडं सरकवली. "तू काढ. माझ्यानं होईना."

आणि मी काढलं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दोष नाही हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि त्यानंच त्या बाईच्या हातच्या डाखाला इस्त्री लावली. चांदीच्या रंगाचा तो थेंब वितळला, तार सुटली. मास्तर दुसरीकडं बघत होते. तोंड उघडायला मला तेवढा एक क्षण पुरेसा होता. मी पुढचा डाख काढला.

दोष अर्थातच सापडला नाही. एकेक भाग काढला, मोजला, चांगला निघाला. जुन्या भागांच्या तारा काढतानाच तुटतात, तशा काही तुटल्या. वर्षभरात त्या डब्याचा एका बिस्किटांच्या डब्यातला ढीग झाला. मास्तरांनी सगळं वहीत काढून ठेवलं, रंगासकट, जागेसकट. आणि प्रत्येक पानाखाली लिहिलं: ठीक. ठीक. ठीक.

मग माझी लातूरला बदली झाली. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "डब्यात काय न्हाई निघालं. म्हंजे माझीच मोजनी चुकली त्या दिवशी."

"तसं नसेल मास्तर."

"मग कसं आसंल?"

मी बॅग उचलली.

लातूरहून सणावाराला फोन करायचो. आधी ते बोलायचे, नंतर काकूच. तळ्यावर जाणं बंद झालं होतं. स्कूटर विकून टाकली. म्हणायचे, ज्याची मोजणी चुकली त्यानं रस्त्यावर वाहन चालवू नये. पुढं पुढं जिना चढतानाही मोजणं सोडलं. पाच वर्षं अशी गेली. एका पोळ्याला काकू फोनवर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही या येकदा. ह्ये आता गोळ्याबी माझ्याकडनं मोजून घेतात. डाक्टर म्हनतो डोकं चांगलं हाय, कायबी झालं न्हाई. ह्येच मानत न्हाईत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो.

मास्तर वाळले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, नजर स्वच्छ होती, त्यामुळं ती माझ्याकडं वळली तेव्हा मला जास्तच जड गेलं. भिंतीवर हिरवी पाटी होती, खिळ्याला चिमटा होता. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पिशवी, केळी, बटण, संध्याकाळचं टक्. इस्त्रीचंही सांगितलं. काकू दारात परात घेऊन उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या.

 मास्तरांनी विचारलं, "कितीदा दाबलंस?"

"तीनदा."

त्यांनी बोटं उघडली. "ओंदु, एरडु, मूरु." मग डोळे मिटून त्या दिवशीचा सगळा फेरा पुन्हा मनात फिरवला असावा, ओठ हलत होते. "विषम," म्हणाले. "म्हनून डावं झालं. दोनदा दाबलं आसतंस तर काय झालं नसतं." मग काकूंकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? माझी मोजनी बरूबर हुती."

"मी कधी चुकली म्हनलं?" काकू म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सा वर्सं का गप बसलात हो भाऊ?"

मी दाराशी काढलेल्या चपलांकडं बघितलं. 

मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. ते उठलेही. पण माझ्या अंगावरून सरळ ओसरीवर गेले. मुखेडचा डबा फळीवर तसाच होता, कोळ्याच्या जाळ्यासकट.

"म्हंजे ह्ये चालत हुतं?"

"हो."

"गुंडाळीचे वेढे कुठून कळले तुला?"

सांगितलं. मोबाइलचा तिरपा टॉर्च, मिठाच्या रेघा. त्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि नखानं तारेचे वेढे मोजायला सुरुवात केली. ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. हळूहळू, एकेक. मध्ये काकूंनी हुंदका दिला तर हातानं त्यांना थांबवलं. शेवटच्या वेढ्यावर नख ठेवून माझ्याकडं बघितलं. "हन्नोंदु. अकरा. बरूबर?"

"बरोबर, मास्तर."

"मिठानं राखून ठिवलं की रं," असं म्हणून ते हसले. गूळवाल्याचा डबा मिळाला त्या दिवशी हसले होते तसे. "काय डोकं चालवलंस, टेलिफोन. मला दोन वर्सं दिसलं न्हाई."

ह्या हसण्यासाठीच तर मी तो डबा पिशवीत घालून तळ्यावर नेला होता. सहा वर्षं ते तिथं फळीवर पडून होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या उभ्यानं खाल्ल्या असत्या. हे मला सोसवलं नाही. मी तिथंच ओसरीच्या पायरीवर बसून रडलो, पन्नाशी उलटलेला माणूस.

त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही, किंवा दिलं नाही असं दाखवलं. काकूंकडून विभूती मागवली, मुखेडच्या डब्यावर तीन बोटं ओढली आणि तो आत नेऊन कपाटात मधल्या कप्प्यात ठेवला. मग परत आले ते हातात बिस्किटांचा डबा घेऊन. करड्या डब्याचे भाग त्यात होते. एकदा हलवून कानाला लावला. आत नुसतं खुळखुळ वाजलं. फळीवर मुखेडच्या डब्याची जागा रिकामी झाली होती, तिथं त्यांनी तो ठेवला, नीट, फळीच्या कडेला समांतर.

"ह्ये आता मला समजत न्हाई," म्हणाले. आणि हात झटकून आत चहाला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर वारले. मधल्या महिन्यांत ते पुन्हा जिना मोजत चढायचे, असं काकूंनी सांगितलं. म्हणजे सहा वर्षांतले सात-आठ महिने तरी त्यांना परत मिळाले. बाकीचे कुठून आणून देऊ? दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पुतण्यानं सगळे डबे हैद्राबादच्या एका हौशी माणसाला देऊन टाकले, विभूतीच्या बोटांसकट. काकूंनी मला वही दिली आणि बिस्किटांचा डबा दिला. चिमटाही दिला. तो मी अजून कधी खिशाला लावलेला नाही.

दर रविवारी वही उघडून बसतो. निम्मे भाग जागेवर बसवलेत. पाच-सहांच्या तारा मुळातूनच तुटल्यात, त्यांचं काय करावं कळत नाही. आणि माझ्या हातचा डाख जाड पडतो, त्या बाईसारखा बसत नाही.

लातूरच्या आमच्या फ्लॅटला ओसरी नाही. गॅलरीत एक फळी ठोकून घेतली, तिच्यावर तो अर्धवट जुळवलेला करडा डबा असतो. परवा आभाळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, भिजेल ना तो. आत तरी घ्या."

मी उठलो, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद बांधला आणि तिथंच ठेवला.